पुस्तकं महाग झाली, आवृत्त्या लहान झाल्या, तरी नवी पुस्तकं इतकी का निघतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत. काही वर्षांपूर्वी दोनशेच्या आत मिळणारं दोनशे पानांचं मराठी पुस्तक आता साडेतीनशे-चारशेला का? धंदा उरला नाही असं प्रकाशक सतत म्हणतात, तरी दर महिन्याला नव्या पुस्तकांचा ढीग कसा येतो? आणि तुमच्या कादंबरीसाठी एका प्रकाशकाने तुमच्याकडेच पैसे मागितले, ती फसवणूक समजायची का?

तिन्हींचं मूळ एकच आहे. पुस्तकात जो पैसा अडकतो त्याची जोखीम पूर्वी जवळजवळ सगळी प्रकाशक घ्यायचा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ती हळूहळू लेखकाकडे आणि वाचकाकडे सरकली. ‘लोक वाचत नाहीत’ हे कारण सांगायला सोपं आहे, पण त्याने फार थोडं उलगडतं. मी निर्मितीच्या आणि विक्रीच्या अशा दोन्ही टेबलांवर बसलेला माणूस आहे, त्यामुळे थेट हिशोबच मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत. शहर, प्रेस आणि कागद बदलला की ते थोडे इकडेतिकडे होतील, पण ताळेबंदाची चाल तीच राहते.

डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराचं दोनशे पानांचं पुस्तक घेऊ. कागद सत्तर जीएसएम मॅपलिथो, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा छपाईचा साधा पांढरा कागद. २३ बाय ३६ इंची एका तावातून डेमीची बत्तीस पानं निघतात, म्हणजे एका प्रतीला सव्वासहा ताव लागले. वजनात साधारण २३५ ग्रॅम. हजार प्रतींना मशीनवरची नासधूस धरून अडीचशे किलोच्या आत-बाहेर कागद लागतो. कर धरून किलोला ९० रुपये पकडले तर प्रतीमागे २२ रुपये कागदाचे झाले. छपाई, मुखपृष्ठाचं कार्ड, लॅमिनेशन आणि बांधणी मिळून आणखी २३ धरा. प्रत्येक प्रतीला लागणारा खर्च ४५ रुपये.

याशिवाय एक खर्च असा असतो की प्रती शंभर छापा किंवा पाच हजार, तो तेवढाच राहतो. संपादन, अक्षरजुळणी, दोन-तीन वाचनांचं मुद्रितशोधन आणि चित्रकाराचं मानधन यांचे ४५ हजार धरू. प्लेटा आणि मशीन लावण्याचे १५ हजार. एकूण ६० हजार. हजार प्रतींवर हा खर्च प्रतीमागे ६० रुपये पडतो, पाचशेवर १२०, तीनशेवर २००. म्हणजे तेच पुस्तक हजारात १०५ रुपयांना तयार होतं, पाचशेत १६५ ला आणि तीनशेत २४५ ला. किमती वाढण्यामागचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. कागद महागला हे खरंच, पण त्याहून जास्त फरक आवृत्ती आक्रसल्याने पडला. पूर्वी नव्या लेखकाचीही पहिली आवृत्ती हजार-अकराशेची काढत. आज तीनशे ते पाचशे हा आकडा सर्रास दिसतो. ‘पाचवी आवृत्ती’ असा शिक्का पाहून हुरळून जायचंही कारण नाही. तीनशेच्या पाच आवृत्त्या मिळून दीड हजार प्रती होतात.

आता विक्रीची बाजू. किंमत तीनशे ठेवली. वितरकाला ४० ते ५० टक्के कमिशन जातं, आपण ४५ धरू. हातात आले १६५. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे ३०. उरले १३५. हजार प्रतींत गुंतवलेले १ लाख ५ हजार सुटायला ७७८ प्रती विकल्या जाव्या लागतात. पुढच्या दोनशे-सव्वादोनशे प्रतींत जे काय मिळेल ते. त्यातूनच लेखकाच्या भेटप्रती, परीक्षणाच्या प्रती, पुरस्कारांना पाठवायच्या प्रती, वाहतूक, गोदामाचं भाडं आणि कार्यालयातल्या माणसांचे पगार. सगळ्या हजार प्रती विकल्या तर कागदावरचा नफा ३० हजार होतो. पण वर्षाला अडीचशेच्या वेगाने विक्री झाली तर मुद्दल सुटायलाच तीन वर्षं जातात, आणि बारा टक्क्यांनी पैसा उचलला असेल तर तेवढ्यात पंधरा-वीस हजार व्याजात निघून जातात.

हेच पुस्तक पाचशे प्रतींचं काढलं आणि किंमत चारशे केली, तर गुंतवणूक साडेब्याऐंशी हजारांवर येते, पण मुद्दल सुटायला पाचशेतल्या ४५९ प्रती खपाव्या लागतात. किंमत शंभराने वाढवूनही प्रकाशक पूर्वीपेक्षा सुस्थितीत आला असं नाही. फक्त बुडाला तर कमी बुडतो. लहान आवृत्ती काढण्यात शहाणपण आहे ते एवढ्यापुरतंच.

कागदाचं वेगळं सांगायला हवं, कारण २०२१-२२ मध्ये जे झालं त्याने अनेकांचे अंदाज कोसळले. भारतात बराच कागद रद्दीपासून बनतो. कोविडमध्ये शाळा-कचेऱ्या बंद, वर्तमानपत्रांची पानं कमी, त्यामुळे रद्दीच कमी जमली. चीनने २०२१ च्या सुरुवातीपासून घनकचऱ्याची आयात पूर्ण बंद केली, त्यात रद्दीही आली. तिथल्या गिरण्या मग लगदा आणि तयार कागदाच्या मागे लागल्या. घरपोच खरेदी वाढल्यामुळे खोक्यांच्या कागदाची मागणी चढली. जहाजांची भाडी कडाडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि कोळसा व इंधन भडकलं. श्रीलंकेत तर त्या मार्चमध्ये कागदाअभावी शालेय परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे सकाळी मिळालेला दर संध्याकाळी टिकेल याची खात्री व्यापारी देत नव्हते, आणि उधारीवर कागद द्यायला तर कोणीच तयार नव्हतं. नंतर भाव उतरले, पण पुस्तकांवरच्या किमती उतरल्या नाहीत. एकदा छापलेली किंमत खाली आणायला प्रकाशक राजी नसतो, कारण पुढच्या आवृत्तीच्या वेळी काय होईल याचा त्याला भरवसा नसतो. शिवाय लगद्याचा भाव डॉलरमध्ये ठरतो. २०१४ मध्ये साठच्या आसपास असलेला डॉलर २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला.

आपल्या राज्यात कागदाला आणखी एक मोठं गिऱ्हाईक आहे ते म्हणजे बालभारती. पाठ्यपुस्तकांची छपाई सुरू झाली की जून उजाडेपर्यंत अनेक प्रेसना साहित्याच्या पाचशे प्रतींकडे बघायला वेळ नसतो. मध्यंतरी पाठ्यपुस्तकातच वह्यांची कोरी पानं जोडायचा निर्णय झाला होता. दोन शैक्षणिक वर्षं तो चालला आणि २०२५ मध्ये मागे घेतला गेला. त्या काळात कागदाची ओढ वाढली, हे आमच्यापैकी अनेकांना खरेदी करताना कळत होतं.

आता कराचं कोडं. पुस्तकावर जीएसटी नाही, हे ऐकून लोकांना वाटतं की सरकारने पुस्तकाला सवलत दिली. पण शून्य कर आणि करमाफी यांत फरक आहे, आणि पुस्तक करमाफीच्या खात्यात येतं. त्यामुळे कागदावर, छपाईवर, लॅमिनेशनवर आणि वाहतुकीवर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही. बिस्किटवाला भरलेला कर वळता करून घेतो, तर प्रकाशकाचा तोच कर किमतीत मुरतो. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा वह्यांच्या कागदावरचा कर काढला आणि छपाईच्या कागदावरचा १२ वरून १८ टक्के केला. प्रकाशकांच्या संघटनांनी यावर लगेच आवाज उठवला, आणि ते योग्यच होतं. लेखकाला दिलेल्या रॉयल्टीवरचा जीएसटीही लेखकाऐवजी प्रकाशकाने ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात त्या उलट पद्धतीने भरायचा असतो, आणि तोही परत मिळत नाही. पुस्तकाखेरीज काहीही न विकणाऱ्या छोट्या प्रकाशकाला केवळ यापायी नोंदणी करून विवरणपत्रं भरत बसावं लागतं. ई-पुस्तकावर तर कर आहेच. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, नसलेल्यावर १८. पडद्यावर वाचलं म्हणून साहित्य कमी साहित्य कसं होतं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पैशाच्या चक्राबद्दल बाहेर फार बोललं जात नाही, पण धंदा तिथे अडतो. वितरकाकडून पैसे यायला चार-सहा महिने लागतात, कधी वर्ष. बराच माल ‘विकला तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर गेलेला असतो. परत आलेल्या प्रतींचे कोपरे दुमडलेले, कव्हरवर किमतीची चिकटपट्टी, म्हणजे त्या पुन्हा नव्या म्हणून विकता येत नाहीत. दुसरीकडे आयकर कायद्यात ४३ ब (ह) हे कलम २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं आणि सेवा देणाऱ्याचं बिल लेखी करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा धरता येत नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रेस या वर्गात येतात. छापणाऱ्यांच्या दृष्टीने हा कायदा चांगला आहे, त्यांचेही पैसे वर्षानुवर्षं थकत होते. पण प्रकाशक बरोबर मधे सापडला. प्रेसला दीड महिन्यात द्यायचे आणि वितरकाकडून सहा महिन्यांनी घ्यायचे. मधल्या साडेचार महिन्यांचं भांडवल ज्याच्याकडे नाही, त्याने एक तर छापायचं थांबवावं किंवा दुसऱ्याच्या पैशाने छापावं.

याच टप्प्यावर तुमचा दुसरा प्रश्न येतो: मग इतकी पुस्तकं कुठून निघतात?

पहिलं कारण, पुस्तक काढणं स्वस्त झालं. खिळे जुळवायचे दिवस गेले, संगणकावरची अक्षरजुळणी आली, मग डिजिटल छपाईने पन्नास प्रतीही काढता येऊ लागल्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तर आपल्या देशात फुकट मिळतो. पुस्तक ‘प्रकाशित’ होण्याचा उंबरठा इतका खाली आला की तो ओलांडायला धंद्याचं ज्ञान लागत नाही.

दुसरं कारण प्राध्यापकांना चांगलं ठाऊक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांकन आणलं, आणि त्यात आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला गुण ठेवले. त्यानंतर राज्यात गावोगावी प्रकाशनं निघाली. लेखकाने पैसे भरायचे, शंभर-दोनशे प्रती छापायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच लेखकाच्याच घरी जायच्या. या व्यवहारात वाचक लागतच नाही. या पुस्तकांमध्ये काही उत्तम संशोधनही आहे, ते मी नाकारत नाही. पण यादी लांबली म्हणून बाजार वाढला असं मानणं म्हणजे लग्नपत्रिकांच्या छपाईवरून गावात किती संसार सुखाचे झाले ते ठरवण्यासारखं आहे.

तिसरं कारण ग्रंथालयं. राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अकरा हजारांवर शासनमान्य ग्रंथालयं आहेत. देशात फार थोड्या राज्यांकडे इतकं मोठं जाळं आहे. एकेकाळी नव्या मराठी पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचा मोठा वाटा इथेच जिरायचा, आणि प्रकाशक तेवढ्या भरवशावर कविता किंवा समीक्षा छापायचा. पण अनुदान वर्षानुवर्षं गोठून राहिलं. २०१२ नंतरची वाढ थेट २०२२ च्या अखेरीस झाली, ६० टक्क्यांची. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे ३० हजार ४८ हजार झाले. ग्रंथपालाचं मानधन, भाडं, वीज आणि वर्तमानपत्रं त्यातच बसवायची. पुस्तकांसाठी उरतं ते थोडं, आणि अनुदान उशिरा आलं की खरेदी मार्चमध्ये घाईघाईने उरकावी लागते.

घाईच्या खरेदीत कोण जिंकतो? जो सगळ्यात जास्त कमिशन देतो तो. यातून ‘ग्रंथालयी पुस्तक’ नावाचा वेगळाच प्रकार तयार झाला. शंभर पानांच्या जाड कागदावरच्या पुस्तकाची किंमत अडीचशे-तीनशे छापायची आणि ६०-७० टक्के कमिशन द्यायचं. ग्रंथालयाच्या दप्तरी छापील किमतीचं पुस्तक चढतं, पुरवठादाराचा माल हलतो. वाचकाने ते उघडलं की नाही हे कोणी विचारत नाही. त्याच कपाटासाठी स्पर्धा करणारा चांगला प्रकाशक मग स्वतःच्याही किमती फुगवतो, कारण कमिशन द्यायला किमतीतच जागा ठेवावी लागते. तुम्ही दुकानातून एक प्रत घेता तेव्हा त्या फुगवट्याचे पैसे तुम्हीही भरता. किमतीबद्दल प्रकाशकांना दोष द्यायचाच असेल तर तो इथे द्या. कागदवाढीचं कारण प्रामाणिक आहे. कमिशनची ही शर्यत मात्र आम्हीच लावली, आणि ती थांबवायला एकत्र बसणं आम्हाला आजवर जमलेलं नाही. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदाच करून पुस्तकावरची सूट पाच टक्क्यांवर बांधली. आपल्याकडे तसा कायदा येईल असं मला वाटत नाही, आणि आला तरी मार्चच्या खरेदीत तो कोण पाळेल, हा प्रश्न उरतोच.

पैसा नेमका कुठे आहे, हेही विचारायला हवं. पुस्तक उद्योगाचे देशपातळीवरचे मोठे आकडे तुम्ही वाचले असतील. बाजाराची पाहणी करणाऱ्या नील्सन कंपनीच्या २०१५ च्या अहवालाने तो सुमारे २६ हजार कोटींचा धरला होता. त्यातला बहुतांश भाग शालेय आणि अभ्यासाच्या पुस्तकांचा. कथा-कादंबरी-वैचारिक हा छोटा तुकडा, आणि त्यातही इंग्रजीचा वाटा मोठा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये एक फेरी मारा, म्हणजे अहवाल वाचायची गरज नाही. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं तिथे जोरात खपतात, पण तो मालही नाशवंतच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर आले, मग अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. या धरसोडीत वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांचे गठ्ठे ठेवायचे की रद्दीत घालायचे, हे कोणालाच कळेना.

साहित्याच्या बाजूला पैसा जुन्या पुस्तकांत आहे. वरच्याच उदाहरणातलं पुस्तक पुन्हा छापायचं झालं तर संपादन-जुळणीचे ४५ हजार वाचतात आणि हजार प्रतींत प्रत ६० रुपयांना पडते. तीनशेच्या किमतीत सुटतात ७५ रुपये. म्हणून ज्या प्रकाशकाकडे वर्षानुवर्षं चालणारी तीस-चाळीस पुस्तकं आहेत तो टिकतो, आणि नव्या लेखकावर पैसे लावायची ऐपतही त्याच्याकडेच असते. ज्याने काल दुकान मांडलं त्याच्याकडे ही शिदोरी नसते. कॉपीराइट संपलेले लेखक हा त्यावरचा शॉर्टकट. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क खुले होतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून कोणालाही छापता येऊ लागली, आणि बाजारात त्यांच्या स्वस्त आवृत्त्यांची रांग लागली. वाचकाला पुस्तक स्वस्तात मिळालं, चांगलंच झालं. त्यातल्या काहींचं मुद्रितशोधन मात्र पाहवत नाही.

अनुवादांबद्दल थोडक्यात. इंग्रजीतलं गाजलेलं प्रेरणादायी पुस्तक मराठीत आणलं की त्याची जाहिरात आधीच झालेली असते, त्यामुळे जोखीम कमी. पण हक्कांची आगाऊ रक्कम परकीय चलनात, वर अनुवादकाचं मानधन. मूळ मराठी कादंबरीशी तुलना केली तर गुंतवणूक जवळपास दुप्पट. मोठ्या भांडवलाच्या प्रकाशकांनाच हा खेळ परवडतो. आणि अशी पुस्तकं चालली की पदपथावर त्यांच्या चोरट्या प्रती आणि फोनवर पीडीएफ आलेच. गंमत म्हणजे चोरटा छापणारा न खपणाऱ्या पुस्तकावर कधीच पैसे लावत नाही. कोणतं पुस्तक खपतं याचा सगळ्यात अचूक अंदाज त्याचाच असतो.

डिजिटलने काय बदललं? अॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं आणली, श्राव्य पुस्तकांचं अॅप स्टोरीटेल २०१७ च्या अखेरीस मराठीत उतरलं. ई-पुस्तकाचा मराठीतला हिस्सा मला कधी फार जाणवला नाही. श्राव्य पुस्तकांचं तसं नाही, स्वयंपाक आणि प्रवास करताना ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला. पण सदस्यत्वाच्या पद्धतीत ऐकलेल्या तासांवर पैसे वाटले जातात, त्यामुळे रक्कम लहान-लहान येते आणि आधीच चालणाऱ्या लेखकांकडेच गोळा होते. बाहेरचं मोठं भांडवल या धंद्याला तारेल ही आशाही मी सोडली आहे. अॅमेझॉनसारख्या कंपनीने विकत घेतलेलं वेस्टलँड फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद करायचं जाहीर केलं, ते भारतातल्या मोठ्या इंग्रजी प्रकाशनांपैकी एक होतं. पुढे ती मंडळी प्रतिलिपी या ऑनलाइन लेखन-वाचनाच्या मंचाच्या साथीने पुन्हा उभी राहिली, तरी इशारा पुरेसा होता.

खरा बदल झाला तो थेट विक्रीत. वाचकांकडून आधी पैसे घेऊन पुस्तक काढायची पद्धत मराठीला नवी नाही. ‘ग्रंथाली’ने १९७० च्या दशकात त्यावरच वाचक चळवळ उभी केली. आता तेच काम समाजमाध्यमांवरच्या प्रकाशनपूर्व सवलतीने होतं. हिशोब पाहा: चारशेचं पुस्तक ३२० ला दिलं, रॉयल्टीचे ४० आणि कुरियरचे ५० गेले, तरी २३० हातात राहतात, तेही छपाईच्या आधी. पाचशेच्या आवृत्तीचं मुद्दल ४५९ ऐवजी ३५९ प्रतींत सुटतं. प्रकाशक या वाटेला का लागले हे वेगळं सांगायला नको. यात मार खातो तो दुकानदार, ज्याच्याकडे वाचक पुस्तक चाळायला येतो आणि फोनवरून मागवतो. टपालखर्चाचाही परिणाम किमतीवर होतोच. टपाल खात्याने पुस्तकांच्या नोंदणीकृत पाकिटांची जुनी स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोला १००, वर कर. पातळ पुस्तक पाठवायचा खर्च त्याच्या किमतीच्या मानाने इतका पडतो की ऐंशी-शंभर रुपयांचं पुस्तक काढायला कोणी धजावत नाही. छोटं, स्वस्त पुस्तक त्यामुळेच दिसेनासं झालं.

गर्दीच्या बातम्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका. पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर डिसेंबर २०२३ पासून नॅशनल बुक ट्रस्टचा पुस्तक महोत्सव भरतो, तिथे लोक पिशव्या भरून पुस्तकं नेतात, हे मी पाहतो. त्याच काळात अमळनेरच्या २०२४ च्या संमेलनात स्टॉल लावलेले प्रकाशक नाराज होऊन परतले. वाचक आहे. पण तो काही शहरांत आणि वर्षातल्या काही आठवड्यांत एकवटला आहे, आणि गोदामाचं भाडं बाराही महिने द्यावं लागतं.

आता तुमच्या कादंबरीचं. पैसे मागितले म्हणजे फसवणूक असं मी म्हणणार नाही. वरचा हिशोब पाहता नव्या लेखकाच्या कादंबरीत ऐंशी हजार गुंतवणारे प्रकाशक थोडे उरलेत, आणि जे आहेत त्यांच्याकडे हस्तलिखितांची रांग आहे. त्यांच्याकडे आधी जा, वर्ष-सहा महिने थांबायची तयारी ठेवा. पहिलंच पुस्तक असेल तर साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा.

पैसे द्यायचेच ठरलं तर तुम्ही लेखकाबरोबर गुंतवणूकदारही झालात, मग गुंतवणूकदारासारखे प्रश्न विचारा. प्रती किती छापणार, ते आकड्यात करारात लिहून घ्या, आणि प्रेसच्या बिलाची प्रत मागा. खर्च तुमचा आणि वर रॉयल्टी फक्त दहा टक्के, हा व्यवहार मान्य करू नका. खर्च तुमचा असेल तर कमिशन वजा जाता उरणाऱ्या रकमेचा मोठा वाटा तुमचाच हवा. ‘वितरण आम्ही करू’ याचा अर्थ कोणत्या वितरकाकडे किती प्रती, हे विचारा. नुसतं संकेतस्थळावर चित्र टाकण्याला वितरण म्हणत नाहीत. संपादन कोण करणार तेही विचारा, कारण खर्च वाचवायचा म्हटलं की पहिली कात्री तिथेच लागते. श्राव्य, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क छापील पुस्तकाच्या करारात सरसकट देऊ नका, प्रत्येकाचं स्वतंत्र कलम करा. हक्क किती वर्षांसाठी देताय ते लिहा. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि प्रकाशकाने घेतलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते तुमच्याकडे परत येतात. ‘वेगळं काही’ लिहिणारं वाक्य बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, सही करण्याआधी ते शोधा आणि खोडून घ्या.